बैलाला म्हटलेला शब्द

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय वाळलेला होता, अन् मला त्या पायाचा हेवा वाटायचा. वाचून कोणी हसेल, कोणी थू म्हणेल. म्हणू द्या. या वयात खोटं लिहिण्याइतका वेळ माझ्याजवळ नाही.

तो चार वर्षांचा असताना त्याला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना पाय घेऊन गेला. मांडीपासून खाली पाय बारीक होत गेला, कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीसारखा. मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तेव्हापासून मायच्या कडेवर तो अन् मागं मी. नदीवर जाताना, देवळात जाताना, मळ्यात जाताना. तो सात वर्षांचा झाला तरी कडेवरच. मी पदराला लोंबकळलो की माय झटकून म्हणायची, "मोठ्या, तुले पाय नाहीत का? चाल ना धड."

हे ती कडेवरच्या पोराच्या कानाजवळ म्हणायची. मला ते तेव्हा दिसलं नाही. मला फक्त तिची कड दिसायची.

आमचा मळा अकोल्यापासून तीन कोसांवर. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा माल. घर मळ्यातच. आठवडी बाजाराच्या दिवशी बंडी भरली की भाऊ वांग्यांच्या टोपल्यांवर राजासारखा बसायचा, अन् मी बंडीमागं धूळ खात अकोल्यापर्यंत पायी. मी बसतो म्हटलं की बाबा म्हणायचे, "बैलावर वझं होते." भावाचं वझं बैलाला होत नव्हतं, माझंच होत होतं.

एकदा मी गुडघ्याला चिंधी बांधली अन् सकाळपासून पाय ओढत फिरलो. त्याला रोज सायीची वाटी मिळायची, ती मला पाहिजे होती. मिळाली थापड. माय म्हणाली, "लंगड्याचं सोंग घेतं का रे? खरंच लंगडा झाला तं कोन पुसन तुले? जनमभर दुसऱ्याच्या जिवावर बसशीन!"

भाऊ चुलीपाशीच बसला होता, हातात वाटी घेऊन. त्यानं वाटी खाली ठेवली. मी उचलली अन् चाटून साफ केली. मला वाटलं, त्याचं पोट भरलं असेल.

शाळा गावात चौथीपर्यंत होती. मी दुसरीत बसत होतो. पास झालो नव्हतो, बसत होतो. एक दिवस बाबा आम्हा दोघांना घेऊन मास्तरांकडं गेले अन् म्हणाले, "गुरुजी, मोठ्याचं आता मळ्यात काम हाय. त्याच्या जागी हा लहाना घ्या. लंगडा हाय, शेतीच्या काही कामाचा नाही. शाळेत तरी बसू द्या." मास्तरांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला. माझी पाटी बाबांनी माझ्या हातून घेऊन त्याच्या हातात दिली. मी त्या पाटीकडं पाहत राहिलो. बाबा काय बोलले ते माझ्या कानावरून गेलं. भावाच्या गेलं नसेल, असं आता वाटतं.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरकडून चालायचा. तिकडचा डिप्टी साहेब शाळा तपासायला आला. भावानं त्याला धडा घडाघडा वाचून दाखवला. साहेब म्हणाला, "बिचारा! पाय असते तर हा पोरगा कुठच्या कुठे गेला असता." बाबांनी ते साऱ्या गावाला सांगितलं, पाय असते तर या शब्दांसकट. मला एवढंच कळलं की साहेबानं त्याला शाबासकी दिली, अन् मी त्या वेळेला मिरचीला पाणी देत होतो.

मग मला मोट मिळाली.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची. तिच्या जाड दोराला बैलजोडी जुंपायची. विहिरीपासून खाली उतरत गेलेली वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली गेले की मोट भरून वर येते अन् पाणी पाटात पडतं. मग बैलांनी उलट्या पावलांनी वर यायचं, म्हणजे मोट परत विहिरीत. असं दिवसभर. खाली जाताना हाकणारा दोरावर बसतो, वर येताना बैलांच्या तोंडापुढं चालतो. त्याला पाय पाहिजेत अन् तोंड पाहिजे. माझ्याजवळ दोन्ही होतं. सोळाव्या वर्षी मी मोटेवर उभा राहिलो अन् आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे माझं आहे. इथं तो येऊ शकत नाही.

जोडीत उजवा तांबडा अन् डावा पांढरा. तांबडा सरळ. पांढरा धावेच्या मध्यात थांबायचा. मग मी आसूड हवेत फिरवून ओरडायचो, "चाल लंगड्या! पाय मोडले का तुहे? उचल, उचल लंगड्या!"

ही बोली मी बनवली नाही. बाबा हेच म्हणायचे, आजा हेच म्हणायचा, शेजारच्या विहिरीवरूनही हेच ऐकू यायचं. बैल हळू चालला की लंगड्या. खड्ड्यात गेला की आंधळ्या. हाक ऐकली नाही की बहिऱ्या. बैल सगळे धडधाकट, निदान आम्ही तसं समजायचो. रागही नसायचा त्यात. श्वास घ्यावा तशी ती शिवी यायची.

भाऊ चौथी शिकून घरी आला होता. तो खाली वाफ्यांमध्ये पाणी वळवायचा. बसल्या बसल्या सरकत, खुरप्यानं एक वाफा बंद करायचा, दुसरा फोडायचा. माझ्याकडून पाटानं पाणी जायचं त्याच्याकडं, अन् पाण्यासोबत माझा आवाज. किती वेळा गेला असेल, मोजलं नाही. एक मात्र सांगतो. मी त्याला स्वतःला कधी लंगड्या म्हटलं नाही. गाव म्हणायचं, बाजार म्हणायचा. मी नाही. याचा मला ताठा होता. मी हेवा करत होतो, पण नीच नव्हतो, असं मी स्वतःला समजवायचो.

चार वर्षं मोट माझी होती. मग एका फाल्गुनात मला हिव भरलं. पंधरा दिवस खाटेवर. मळा ऐन भरात, वांगी लदलदलेली, ऊन चढलेलं, अन् बाबांचा खांदा उखडलेला. अंगणात बाबा अन् भाऊ बोलत होते ते मी गोधडीतून ऐकलं.

"बाबा, मी मोट हाकून पाहू का?"

"तू? तुले धावेवर चालता येते का?"

"चालाचं कोनाले हाय? बैलाले."

बाबा हसले. त्या घरात बाबा हसले की मोठी गोष्ट होती. मला हसवता येत नव्हतं त्यांना.

दोन दिवस मोट अडखळत चालली. तिसऱ्या दिवसापासून विहिरीवरच्या चाकाची करकर एका लयीत ऐकू यायला लागली. माणसाचा आवाज मात्र नाही. मी ताप उतरायची वाट पाहिली नाही. भिंत धरत धरत विहिरीवर गेलो.

भाऊ विहिरीच्या तोंडाशी एका दगडावर बसला होता. हातात आसूड नाही. तो हलक्या आवाजात म्हणाला, "जाय राज्या," अन् जोडी खाली गेली. मोट रिकामी झाली. "ये बाप्पा, ये मांगं," अन् बैल उलट्या पावलांनी वर आले, कोणी पुढं नसताना. सहा-सात खेपा झाल्या की तो त्यांना थांबवायचा, सरकत जाऊन पांढऱ्याची मान खाजवायचा, परत दगडावर येऊन बसायचा.

मी तसाच त्याच्या दगडापाशी जाऊन उभा राहिलो.

"कसं शिकवलं बे?" मी विचारलं.

"मी काय शिकवतो दादा? पांढऱ्याच्या मांगच्या खुराले फट हाय. उतारावर दुखते त्याचं. तो थांबला का मी थांबतो, मंग तो आपलाच चालते."

चार वर्षं त्या बैलाच्या मागं उभा राहून मला ती फट दिसली नव्हती. यानं बसल्या जागेवरून पाहिली. मी खाली वाकून खूर पाहिलासुद्धा नाही. पाहिला असता तर भाऊ खरा ठरला असता.

बरा झाल्यावर मी मोट परत मागितली. दोन दिवस हाकली. मी ओरडलो की पांढरा थांबायचा अन् मान वळवून वाफ्याकडं पाहायचा, भाऊ होता तिकडं. तांबडाही तसाच. बाबा बांधावरून म्हणाले, "मोठ्या, उतर तू. पानी नाही येऊन राह्यलं." मी उतरलो. त्या उन्हाळ्यात मी वाफ्यात बसून पाणी वळवलं, अन् माझा धाकटा, वाळल्या पायाचा भाऊ, वर दगडावर.

गावातून लोक पाहायला यायला लागले. शेजारचा म्हातारा कास्तकार तर रोज. त्याचं काळ्या जमिनीचं मोठं शेत आमच्या बांधाला लागून. तो यायचा, कमरेवर हात ठेवायचा अन् मोठ्यानं म्हणायचा, "पाहा गा! लंगडा असून काय करते! नाई तं आपले धडधाकट पोट्टे!" हे म्हणताना त्याचं बोट माझ्याकडं. मग परत, "देवानं पाय नेला, पन अक्कल देली बाप्पा!"

भाऊ मान फिरवून बैलांकडं पाहायचा, जसं काही ऐकलंच नाही. एकदा म्हातारा रागावला. "माज आला का रे? मानूस तारीफ करते तं तोंड फिरवते!" मला बरं वाटलं. मी वाफ्यातून हसलो.

त्या दिवशी दुपारी बाभळीखाली भाकर खाताना मी त्याला म्हटलं, "लोकं तारीफ करतात अन् तू कारलं खाल्ल्यासारखं तोंड करतं. मले एकानं असं म्हटलं असतं ना, मी नाचलो असतो."

तो कांदा फोडत होता. म्हणाला, "तुह्या तारीफेत तू असतं. माह्या तारीफेत पहिले माहा पाय येते, मंग मी."

मला वाटलं, शाळा बोलून राहिली. चौथीची ऐट. मी त्याच्या पुढचा कांदा उचलून खाल्ला.

पाऊस लागला, मोट बंद झाली, अन् पोळा आला. आमच्याकडं पोया म्हणतात. त्याच्या आदल्या दिवशी सांजेला बैलांचे खांदे हळद अन् तूप लावून मळतात. वर्षभर जू घेतलेला खांदा तो. अन् मळताना बैलाच्या कानात आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही, मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. पुरणपोळी खाऊ घालायची अन् सजवून मारुतीच्या पारापुढं तोरणाखालून न्यायचं. साऱ्या गावाच्या जोड्या तिथं येतात. कोणाची जोडी कशी दिसली, कोणी नेली, हे पुढच्या पोळ्यापर्यंत लोक बोलतात. चार वर्षं आमची जोडी मी नेली होती. डोक्याला फेटा बांधून. लोक म्हणायचे, पोट्टा शोभते जोडीले.

बाबांचा एक नियम होता. ज्याचा हात बैलावर, त्याचा पोया. ते म्हणाले, "यंदा खांद लहाना मळन, अन् जोडीई तोच नेईन."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "नेईन कसा? पारापर्यंत चिखल हाय. बैल नाचले तं तो पडन. आपली जोडी लंगडत गेली तं गाव हासन."

मी हे भावाला लागावं म्हणून बोललो नाही. जोडी वाचवायला बोललो. म्हणजे माझी जागा वाचवायला. त्याच्या तोंडावर बोलतोय हे ध्यानातही नव्हतं.

मायनं माझी बाजू घेतली. ती माझी बाजू कधी घ्यायची नाही, अन् घेतली ती ही. "खरं म्हनते मोठा. बिचाऱ्याचे हाल काहून करता? त्याले पारावर बसवा. तो पाहीन मजेत."

भाऊ म्हणाला, "मी काठी घेऊन हळू हळू नेईन बाबा. बैल माह्याशी दांडगाई करत नाहीत."

"अरे बाबू, हट्ट नोको करू," माय म्हणाली. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. इतक्या मायेनं की बाबांनाही पुढं बोलता आलं नाही. शेवटी बाबांनी वाटणी केली. खांदे तो मळणार, जोडी मी नेणार. अर्धा पोळा त्याचा, अर्धा माझा. मला तरी राग होताच. मला सगळा पाहिजे होता.

आदल्या सांजेला मी गोठ्याच्या दारात उभा राहून पाहत होतो. त्यानं पळसाच्या पानानं तूप लावलं, हळद चोळली. बैल डोळे मिटून उभे. माझ्या हातून असे कधी उभे राहिले नव्हते. आवतण देऊन झालं, अन् माझ्याकडं न पाहता तो म्हणाला,

"दादा, उद्या बैलाले कोनी शिवी देत नाही, नाई का?"

"पोयाले कोन शिवी देईन? पाप लागते."

"बैलाले वर्सातून एक दिवस भेटते," तो म्हणाला. "मले तोई नाही."

"तुले कोन शिवी देते बे? तुले तं सारे तळहातावर झेलून राह्यले."

त्यानं हाताची हळद पानाला पुसली अन् दुसऱ्या बैलाकडं सरकला. मी जे बोललो ते मला मनापासून खरं वाटत होतं. साय त्याला, बंडी त्याला, पाटी त्याला, मोट त्याला. शिवी कुठं होती?

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती, दुपारी उघडली. मी जोडीची शिंगं रंगवली, झुली चढवल्या, फेटा बांधला. पाटलाची जोडी पुढं, मग त्यांच्या भाऊबंदांची, मग आमची. मागं साऱ्या गावाच्या. दोन्हीकडं लोक, बाया ओट्यांवर. भाऊ पारावर बसला होता, पहिल्याच रांगेत. लोकांनी मायेनं त्याला जागा करून दिली होती.

तोरणाच्या दहा पावलं अलीकडं चिखलात पांढरा थांबला. वाट तिथं उताराची होती. आता मला कळतं, त्याचा खूर दुखला. तेव्हा मला एवढंच कळलं की पाटलाची जोडी पार झाली, मागच्या जोड्या माझ्यावर येऊन भिडल्या, अन् सारं गाव माझ्याकडं पाहत आहे. मी कासरा ओढला. तो हलला नाही. अन् मी ओरडलो,

"चाल लंगड्या! पाय मोडले का तुहे?"

मी म्हटलं असं लिहायला जीव होत नाही. ते निघालं. चार वर्षांची सवय होती, अन् त्याच्या आधी बाबांची, आज्याची.

जवळचे दोघं-तिघं हसले. "पोयाले शिवी देली बे यानं!" शेजारच्या म्हाताऱ्यानं जीभ चावली. अन् मग एक गोष्ट झाली, ती मी विसरू शकत नाही. बैल माझ्या हातात होता, शिवी माझ्या तोंडातली होती, पण लोकांच्या माना बैलाकडं वळल्या नाहीत. माझ्याकडंही नाही. त्या पाराकडं वळल्या. एक, दोन, मग ओट्यावरच्या बायाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. एखाद्याचं नाव घेतलं की माणूस त्याच्याकडं पाहतो, तसं त्यांनी पाहिलं.

भावानं लोकांकडं पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग धोतराचा सोगा ओढून पायावर घेतला.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, सांगू? जोडी मी नेली अन् पाहिलं सगळ्यांनी त्याला. हे आलं. आधी हे आलं, बाकीचं नंतर. बाकीचं यायला दोन पावलं लागली असतील. पांढरा आपोआप चालायला लागला होता, अन् मी तोरणाखालून गेलो तेव्हा माझे कान तापले होते.

घरी बाबा एवढंच म्हणाले, "पोयाच्या दिवशी तरी तोंड सांभाळाव. बैलाचा शाप लागते." त्यांनी बैलापुढं नारळ फोडायला लावला. मी फोडला. भाऊ तिथंच बसून होता. त्याच्यापुढं काही फोडायची रीत आमच्यात नव्हती.

चार दिवसांनी अमरावतीचे मामा आले. देवीच्या देवळाबाहेर त्यांचं फुलांचं दुकान होतं. भाऊ त्यांना म्हणाला, "मामा, मी येतो. हार गुंफतो. बसून काम हाय." मायनं डोळे पुसले अन् खूशही झाली, पोराच्या पायाला आराम मिळेल म्हणून. तो बंडीत बसून स्टेशनावर गेला. बंडी मी हाकली. वाटेत मी बैलांना एक शब्द बोललो नाही, अन् तो मला एक शब्द बोलला नाही.

दिवाळीनंतर मोट परत सुरू झाली. पांढरा धावेवर बसूनच गेला. मी ओरडून पाहिलं, न ओरडून पाहिलं. भाऊ म्हणायचा तसं हलक्यानं म्हणून पाहिलं, "जाय राज्या." माझ्या तोंडी ते मागून आणलेल्या सदऱ्यासारखं वाटायचं. बैलालाही वाटत असेल. बाबा म्हणाले, "जाय, लहान्याले घेऊन ये. वांगी वाळून राह्यली."

मी माफी मागायला गेलो नव्हतो, हे इथं लिहून ठेवतो. मी बैलांसाठी गेलो.

अकोल्याहून गाडीत बसलो, बडनेऱ्याला बदलली, अमरावतीत विचारत विचारत देवळाशी पोचलो. दुकान म्हणजे एक उंच फळी, तिच्यावर ओली फडकी, फडक्यांवर शेवंती अन् झेंडूचे ढीग. भाऊ मधोमध. त्याची नवी कुबडी भिंतीला उघडी टेकलेली, लपवलेली नाही. मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बराच वेळ पाहिलं. एक बाई आली, "हारवाले, दोन शेवंतीचे." एक वकिलासारखा माणूस आला, "काय हारवाले, आज मोगरा नाही?" एक म्हातारी, "हारवाल्या दादा, माह्या देवापुरतं दे." कुबडी सगळ्यांना दिसत होती. पण त्यांना हार पाहिजे होते, तर हाकही हाराची होती.

मला परत हेवा वाटला. मळ्यात तर मला मोठ्या म्हणत होते, म्हणजे त्याच्यापेक्षा मोठा एवढंच. यानं तीन महिन्यांत स्वतःच्या हातांचं नाव कमावलं.

मी पुढं गेलो. तो दचकला नाही. फळीवर सरकून जागा केली.

"काहून आला दादा?"

"बैल चालत नाहीत."

"पांढऱ्याच्या खुराले तेल लावतं का?"

"लावतो," मी म्हटलं. लावत नव्हतो.

त्यानं ओळखलं. हात चालूच होते, फूल, दोरा, फूल, दोरा. शेवटी मीच म्हटलं, "ते मी बैलाले म्हटलं होतं. तुले नाही."

"मले मालूम हाय."

"मालूम हाय तं रुसला काहून?"

त्यानं दोरा दातानं तोडला. "मले म्हटलं असतं ना दादा, मी भांडलो असतो तुह्याशी. गोटा फेकून मारला असता. बैलाले म्हटलं, त्याच्यावर काय भांडू? कोनी कामचुकार असला का तुमी माहं नाव घेता. कोनाले भेव दाखवाचं असलं का माहं नाव घेता. माही तारीफ कराची असली तरी पहिले तेच. अन् मंग म्हनता, तुले कोन काय म्हटलं?"

उत्तर नसलं की मी रागावतो. मी म्हटलं, "मंग काय सारं गाव मुकं व्हावं का?"

"मी कुठी म्हनतो?" तो म्हणाला. "मीच उठून आलो ना."

मी समोरचा दोरा उचलला अन् हार गुंफायला लागलो. मेहेरबानी केल्यासारखा. माझी फुलं एकीकडं दाट, एकीकडं विरळ. तो माझा हार हातात घ्यायचा, न बोलता उसवायचा अन् परत गुंफायचा. दोन हार असेच गेले. तिसऱ्याला तो हसला.

"दादा, राहू दे. मोट हाकल्यासारखा गुंफतं."

मीही हसलो असतो, पण हसलो नाही. "घरी ये," मी म्हटलं. "बाबानं बलावलं."

"येईन ना. लग्नाले येईन, दुखन्या-खुपन्याले येईन. पोयाले नाही येनार. अन् मोटेवर नाही." मग खाली पाहत म्हणाला, "पांढऱ्याले इकू नोका. खुराले तेल लाव."

त्यानं आपला शब्द जन्मभर पाळला.

घरी पोचलो तेव्हा माय चुलीपाशी अन् बाबा जेवत होते. मायनं माझ्या मागं दाराकडं पाहिलं.

"लहाना नाही आला?"

"नाही."

"काहून रे? इथी काय कमी होतं त्याले?" तिचा आवाज चढला. "फुलासारखं जपलं मी त्याले. साऱ्या गावानं जपलं. कोनी एक वाकडा शब्द नाही बोललं कधी!"

मला सांगता आलं असतं, त्याला शहर आवडलं. माय रडली असती, बाबा गप्प बसले असते, अन् गोष्ट तिथंच मिटली असती. माझ्या मनात ते आलंही. पण खोटं बोलून सुटणं म्हणजे त्याच्यापुढं परत एकदा हरणं झालं असतं.

मी म्हटलं, "मी बोललो."

"काय बोलला त्याले?"

"लंगड्या."

मायनं टाकलेली भाकर तव्यावर तशीच राहिली. "त्याले म्हटलं तू?"

"त्याले नाही. बैलाले. पोयाच्या दिवशी."

बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "बैलाले म्हटलं ना?"

"हो."

"मंग?"

दोघंही माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं. ज्याला हे चार शब्दांत सांगता येत होतं तो अमरावतीला फुलांच्या ढिगात बसला होता, अन् आपल्या माय-बापाला हे समजवायचं काम माझ्या अडाणी तोंडावर टाकून मोकळा झाला होता. त्या मोकळेपणाचाही मला हेवा वाटला.

भाकर करपल्याचा वास आला. मी पाटावर बसलो, फेटा सोडून मांडीवर ठेवला अन् म्हटलं, "सांगतो. पन मी सांगून होईपर्यंत मधात कोनी बोलू नका."